मास्तरांची मांजर

डॉक्टरीणबाईंनी मांजरीचा कान उलटून पाहिला. आतली कातडी पिवळी पडली होती.

"हिनं खाणं कधी सोडलं?"

"लेक शिकायला परगावी गेली, तेव्हापासून रुसून बसलीय," मास्तरांची बायको म्हणाली.

मास्तर खाली मान घालून म्हणाले, "रुसली नाही. फार लठ्ठ झाली म्हणून मीच तिचं नेहमीचं खाणं बंद केलं. नवं तिनं तोंडात घेतलं नाही. म्हटलं, भूक लागली की झक मारत खाईल. आठ दिवस झाले."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचते. आता पोटात अन्न जाणं हेच मोठं औषध."

रक्ततपासणीत आणि सोनोग्राफीतही तेच निघालं. मानेतून अन्ननलिकेत नळी बसवली. मास्तर दिवसातून पाच वेळा सिरिंजनं पातळ अन्न सावकाश भरवू लागले. बायको दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भरवायच्या वेळी मांजरीला मांडीवर धरून बसली.

चौथ्या आठवड्यात मांजरीनं आपणहून वाटी चाटूनपुसून साफ केली.

"आणखी वाढू का गं?" मास्तरांनी घाबरत बायकोला विचारलं.

"वाढा की! विचारताय काय?"