जिवंत असल्याची साक्ष

वेणीमाधवरावांनी मरताना संन्यास घेतला आणि नंतर ते मेलेच नाहीत, इथून सगळा घोळ सुरू झाला.

काशीत मरताना संन्यास घेणं काही नवं नाही. माणूस शेवटच्या घटका मोजू लागला की शास्त्र्यांना बोलावणं जातं, शेंडी-जानवं उतरतं, कानात मंत्र पडतो आणि माणूस संन्यासी होऊन सुखाने जातो. वेणीमाधवरावांची बायको कधीच वारलेली. एकुलता मुलगा दत्तात्रेय फौजेत कारकून. लढाईत पकडला जाऊन इटलीतल्या कैद्यांच्या छावणीत पडलेला. तेव्हा बालाजी घाटावरच्या विश्वेश्वरशास्त्र्यांनीच सारं केलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पाचव्या दिवशी या गृहस्थांनी मुगाची खिचडी मागितली. मग शास्त्र्यांनी राहिलेले विधीही करवून घेतले, त्यात स्वतःच्या हाताने स्वतःचं श्राद्धही आलं. देवाने तारलं खरं, पण शास्त्राने मारलं. घर सुटलं, नाव सुटलं. स्वामी अच्युताश्रम म्हणून ते घाटावरच्या मठात राहू लागले.

त्याचंही त्यांना फारसं वाटलं नसतं. पण आजारात शेजाऱ्यांनी दत्तूला कळवून टाकलं होतं की बाबांचं काही खरं नाही. आता 'मी जिवंत आहे' एवढे तीन शब्द त्याला पोचायला हवे होते.

ते पत्र घेऊन स्वामी टपाल कचेरीत गेले. खिडकीत नीलकंठ होता, त्यांचाच जुना विद्यार्थी. तो उठून उभा राहिला आणि मान खाली घालून नियम सांगू लागला. गेल्या महिन्यापासून शत्रूच्या मुलखात जाणारं पत्र पेटीत टाकून चालत नव्हतं. कैद्याला जवळच्या नातलगानेच लिहायचं, स्वतः येऊन फॉर्म भरायचा, आणि हा तोच माणूस अशी एका प्रतिष्ठित गृहस्थाने सही करायची. दत्तूने नातलग म्हणून एकच नाव दिलेलं होतं: वेणीमाधव, वडील.

"तू ओळखतोस की मला," स्वामी म्हणाले.

"खिडकीच्या आतल्याची ओळख चालत नाही, गुरुजी." मग जीभ चावून तो म्हणाला, "स्वामीजी. बडे साहेब मानणार नाहीत."

शेजाऱ्यांनी काढता पाय घेतला. शत्रूच्या मुलखात जाणाऱ्या कागदावर आपली सही कोण करणार? राहिले विश्वेश्वरशास्त्री. माणूस सरळ, इतका सरळ की वाकणं ठाऊकच नाही. ज्याचं श्राद्ध मी करवलं तो जिवंत आहे असं खोटं मी लिहू काय, असं त्यांनी विचारलं. स्वामी म्हणाले, भगवं उतरवून ठेवतो, पतित म्हणा, वाळीत टाका, पण मला माघारी घ्या.

"मेलेला माघारी येतो काय, वेणीमाधव?" शास्त्री म्हणाले. जुन्याच नावाने हाक मारली, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

त्यानंतर दर सोमवारी स्वामी नवं पत्र घेऊन खिडकीशी उभे राहत. साक्षीदार मिळाला का, हे नीलकंठ हळूहळू विचारेनासा झाला. तो पत्र घेई आणि खणात ठेवी. स्वामींना घाटावर ध्यानाला बसलं की दत्तूचं लहानपणीचं तोंड दिसे. संन्याशाला मुलगा नसतो, हे त्यांनी स्वतःला शंभरदा बजावलं. काही उपयोग झाला नाही.

आश्विनात शास्त्र्यांच्या नावाने छावणीतून एक कार्ड आलं. ते घेऊन म्हातारे शास्त्री धापा टाकत मठात आले आणि वाचताना अडखळले. दत्तूने लिहिलं होतं: 'बाबांचं अक्षर येईना, तेव्हा समजलो. इथे नदी नाही. नळाच्या पाण्याने तिलांजली दिली, तीळ मिळाले नाहीत. काशीत पुढचं तुम्ही करा.'

स्वामी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. शास्त्र्यांनी काठी उचलली. "चल, सही करतो," ते म्हणाले. "माझं पाप मी बघून घेईन."

दोघे खिडकीवर गेले. शास्त्र्यांनी आधी कार्ड पुढे केलं, म्हणजे घाई किती ते कळावं. नीलकंठाने ते वाचलं, आत नेलं आणि बऱ्याच वेळाने परत आला. हे कार्ड वाटेत सरकारी माणसांनी वाचलेलं होतं. कैद्याचा बाप वारला, अशी नोंद होऊन साहेबांकडे कागदही आला होता. आता त्या नावाने कुणी फॉर्म भरला तर भरणारा आणि साक्षीदार दोघांनाही पोलीस उचलतील.

"पण हे तर त्याने नुसतं समजून लिहिलंय," शास्त्री म्हणाले.

"मुलाने स्वतः लिहिलंय, शास्त्रीबुवा. त्याच्यावर कुणाची साक्ष आणणार?"

स्वामींनी कोरा कागद मागून घेतला, उभ्याउभ्याच एक ओळ लिहिली आणि खिडकीतून आत सरकवली. 'दत्तू, पाणी पोचलं.'

"जाईल ना रे?" त्यांनी विचारलं.

नीलकंठ गुरुजींशी जन्मात खोटं बोलला नव्हता. "आजच्या डाकेनं जाईल, गुरुजी," तो म्हणाला, आणि त्याने खण उघडला.