टेकडीवरची माघार

भागवतने ट्रंकेतले काळे बूट काढून पुसायला घेतले, तेव्हा कौसल्या गिरणीत दाणे टाकायचं विसरली आणि ती रिकामीच फिरत राहिली. फौजेतून घरी आल्यापासून त्या बुटांना त्याने हात लावला नव्हता.

हसनाबादच्या शिवारात सिनेमावाले उतरले होते. गावाबाहेरच्या मुरमाड टेकडीवर त्यांनी लढाई मांडली होती. त्यांच्या स्वयंपाकाला लागणारं पीठ कौसल्याच्या गिरणीतून जायचं. ते न्यायला येणारी शीतल, म्हणजे दिग्दर्शिकेची मदतनीस, भिंतीवरचा वर्दीतला फोटो बघून थबकली होती.

"काका फौजेत होते? मग आमच्या लोकांना कवायत शिकवतील का? गावातली माणसं बंदूक लाटण्यासारखी धरतात."

कौसल्या नाही म्हणणार होती. भागवत अंगणाच्या पुढे पाऊल टाकत नसे. गिरणीची घरघर त्याला चालायची, अवचित आवाज चालायचा नाही. वरातीत फटाका फुटला की तो धान्याच्या पोत्यांमागे जाऊन बसायचा आणि कौसल्या दोन्ही हातांनी त्याचे कान झाकून धरायची. झोपेत तो एकच नाव घ्यायचा, नेगी. कोण हा नेगी, असं तिने विचारलं की उठून जायचा. जालन्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, जांबच्या देवळात नवस बोलून झाला. आता कोणाच्या पाया पडावं हेच तिला उमगत नव्हतं. आणि आतल्या खोलीतून भागवतच म्हणाला, "येतो म्हणावं."

तिने शीतलला दाराबाहेर गाठलं. "बाई, यांना बार सोसत न्हाई. बिलकुल सोसत न्हाई."

"काकू, आमच्याकडे बार होतच नाहीत. नुसती माती आणि धूर उडतो. आवाज नंतर मुंबईत भरतात."

त्या शब्दावर कौसल्याने नवऱ्याला जाऊ दिलं.

सिनेमाही विचित्रच होता. दोन सैन्यं एका टेकडीसाठी मरत होती आणि टेकडीवर एका बकरीशिवाय काही नव्हतं. सगळ्यांच्या वर्द्या मोरपिशी. गोळी लागली की शिपायाने आधी गळ्याचं बटण लावायचं, मग शेजाऱ्याची माफी मागायची आणि मग पडायचं. कर्नल झालेला मुंबईचा नट खंदकाच्या काठावर पाट मांडून जेवायचा आणि भोंग्यातून, तोंडातला घास न गिळता हुकूम सोडायचा. दिग्दर्शिका प्रियदर्शनी उंच शिडीवर बसून हे सगळं बघायची. हळू बोलायची, पण रांगेतला एक जण बोटभर सरकला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"मॅडम, असं कोणी मरत न्हाई," भागवत पहिल्याच दिवशी म्हणाला.

"मला माहीत आहे. खऱ्यासारखं मला नकोच आहे."

हे ऐकून भागवत हसला. घरी येऊन त्याने कौसल्याला ते सांगितलं आणि सांगताना पुन्हा हसला. बकरीचा मालक लालमियाँ बकरी सांभाळायला म्हणून गेला होता, त्यालाही वर्दी चढवली होती. त्याची दाढी तिरकी दिसते म्हणून मॅडमने तिला मोजपट्टी लावली, हे भागवतने जेवताना सांगितलं. त्या दिवसांत तो भूक लागली म्हणून जेवायचा. कौसल्या ताटाकडे बघायची, बोलायची काही नाही. बोललं तर दृष्ट लागेल अशी भीती.

मग एका दुपारी गिरणी चालू असताना तिच्या पायाखालची फरशी हादरली. गिरणीच्या घरघरीच्याही वर टेकडीकडून बाराचा आवाज आला, आणि पाठोपाठ आणखी एक. कौसल्याने बटण बंद केलं आणि पिठाच्या हातांनी तशीच धावत सुटली.

टेकडीपाशी पोचली तेव्हा माणसं खंदकाकडे बघून हसत होती. त्यांना वाटलं, भागवत सोंग काढतोय. लाकडी बंदूक छातीशी धरून तो खाली बसला होता आणि जो कोणी डोकं वर काढेल त्याला खाली दाबत होता. एक जण हसत बाहेर निघाला. भागवत उडी मारून वर आला, त्याला कमरेला धरून आत ओढलं आणि त्याच्या अंगावर पालथा पडून राहिला. त्यानंतर हसणं थांबलं. कॅमेरा मात्र चालूच होता.

"कोणी उडवला बार?" कौसल्याने शीतलची बाही पकडली. "शब्द दिल्ता तुम्ही मला."

शीतलने वर शिडीकडे पाहिलं. शिडीवरून प्रियदर्शनीच म्हणाली, "मला एकदा खरोखर दचकलेले चेहरे हवे होते. मी कोणालाच सांगितलं नव्हतं."

"त्यो कॅमेरा बंद करा."

प्रियदर्शनीने तो बंद केला नाही. तिने कर्नल झालेल्या नटाला भोंगा दिला. लढाई संपली, सगळ्यांनी बाहेर यावं, असं त्याने ओरडून सांगितलं. पण इतके दिवस तो ज्या घास भरलेल्या आवाजात बोलत आला होता, तोच आवाज त्याच्या तोंडून निघाला.

"ह्यो आपला माणूस न्हाई," खंदकातून भागवत म्हणाला. "धोका हाये. कोणी हलू नका."

कौसल्या खंदकात उतरली. ओळखीचा चेहरा दिसला की भानावर येईल, अशी तिची आशा होती. भागवतने तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला मातीत बसवलं आणि म्हणाला, "बहनजी, सर नीचे."

ती बसली. लग्नाच्या नवऱ्याने तिला बहनजी म्हटलं होतं. तिने त्याचा हात धरायला बघितला, त्याने तो बंदुकीसाठी सोडवून घेतला. शेजारी लालमियाँ गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. वर त्याची बकरी खंदकाच्या काठाने वाळकं गवत खात निवांत फिरत होती. सगळ्या टेकडीवर तेवढी एकच शहाणी.

"भाभी, जबरदस्ती करू नका," लालमियाँ हळूच म्हणाला. "त्यांचे डोळे बघा. तुटून जाईल माणूस."

ऊन मुरमावरून परतून तोंडावर येत होतं. वरून कोणी पाण्याच्या बाटल्या टाकल्या. भागवतने त्या आधी हुंगल्या, मग सगळ्यांना घोट घोट पाणी दिलं, स्वतः घेतलं नाही. थोड्या वेळाने लालमियाँ चुळबुळ करत म्हणाला, "भागवतभाऊ, मला पिशाबला जायाचंय."

"इथंच करा. नेगी बी असंच बोलला. दोन मिनिटांत येतो म्हणला, अन् मी जा म्हणलो." भागवत कोणाकडेही न बघता बोलत होता. "माझ्या हुकमानं गेल्ता तो."

मोरपिशी वर्दीतली ती गावची माणसं, कोणी टपरीवाला, कोणी सालगडी, एकमेकांकडे बघत राहिली. लालमियाँने खंदकाच्या भिंतीकडे तोंड केलं आणि बसल्या जागीच मोकळा झाला. एकाला हसू आलं आणि हसता हसता तो रडायला लागला. इतकी वर्षं ज्या नावाभोवती कौसल्या चाचपडत होती, ते असं चारचौघांत, मुताच्या वासात उघडं पडलं होतं. भागवतला परत कसं आणायचं हे मात्र तिला सुचत नव्हतं.

शेवटी, दुसरं काही सुचेना म्हणून, तिने त्याच्याच लढाईतला प्रश्न विचारला. "साहेब, इथून निघायचं कवा?"

भागवतने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. शिपायाने विचारावा असा तो प्रश्न होता. "उजेड उतरला की. एक एक करून. पोटावर. मी सगळ्यांत शेवटी."

मग ते थांबले. सूर्य टेकडीमागे गेल्यावर भागवतने लालमियाँच्या पाठीवर थाप मारली. लालमियाँचे गुडघे दुखरे होते, तरी तो कोपरांवर सरपटत निघाला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. उभं राहून चालत गेलं असतं तरी त्यांना कोण अडवणार होतं? पण एकही जण उभा राहिला नाही. कौसल्या साडीचा ओचा खोचून त्यांच्यामागे निघाली. मुरूम गुडघ्यांत रुतत होता. वर लाइटवाले, आचारी, मेकअपवाल्या बायका गप्प उभ्या होत्या आणि त्यांच्या पायांजवळून ही माणसं सरपटत सडकेकडे चालली होती. तिने मागे वळून पाहिलं. भागवत सर्वांत शेवटी, मागे बघत बघत येत होता.

सडकेला लागल्यावर त्याने प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून पाहिला. सगळे होते. मग तो मातीतच बसला, पाणी मागितलं आणि घटाघट प्यायला.

"कौसल्या," तो म्हणाला, "तुझे गुडघे फुटले की."

तिने पदर तोंडात कोंबला.

प्रियदर्शनी शिडीवरून उतरून त्यांच्याजवळ आली. तिचाही चेहरा उतरला होता. ती खाली बसली. "माझं चुकलं. पण हे मी चित्रित केलंय, आणि मला ते सिनेमात हवंय. तुम्ही नको म्हणालात तर पुसून टाकीन."

"पुसा," कौसल्या म्हणाली.

भागवतने हातातल्या बाटलीचं झाकण लावलं. "लोक हसतील का?"

"काही हसतील. हसू नका असं मी त्यांना सांगू शकत नाही."

"माझ्या माणसांची तोंडं दिसू देऊ नका," भागवत म्हणाला. "बाकी राहू द्या."

त्यानंतरचे महिने वाईट गेले. बूट पुन्हा ट्रंकेत गेले. भागवत अंगणातही येईना. उठवलं तर उठायचा, ताट पुढे केलं तर चार घास खायचा. कौसल्या दळण दळायची आणि शीतलच्या बोलण्यावर आपण विश्वास का ठेवला, म्हणून स्वतःला बोल लावायची. सिनेमा लागल्याचं कळलं तेव्हा लालमियाँ आणि त्याची बायको आमिना यांच्यासोबत ती जालन्याला गेली. भागवतला विचारलं, तो येत नाही म्हणाला.

थिएटरात सुरुवातीपासून हशा चालला होता. गळ्याची बटणं लावून मरणारे शिपाई बघून लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. मग ती संध्याकाळ पडद्यावर आली. काळोख्या टेकडीवरून काळ्या आकृत्या सरपटत उतरत होत्या. चेहरे दिसत नव्हते. एका आकृतीला साडी होती. ती दिसताच मागच्या रांगेत हसू फुटलं. कौसल्याने आमिनाचा हात घट्ट धरला. आकृत्या सरपटतच राहिल्या, दृश्य संपेचना, आणि हसणारे एक एक करून गप्प झाले. सगळे मात्र झाले नाहीत. एक बाप्या शेवटपर्यंत खिदळत होता.

घरी आली तेव्हा भागवत गिरणीच्या खोलीत पोत्यांना टेकून बसला होता.

"हसले का?" त्याने विचारलं.

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. "हसले. मंग बरेच गप झाले. एक जण हसतच व्हता."

भागवतने मान हलवली. दळणाला आलेली झुंबरबाई डबा घेऊन दारात उभी राहिली. कौसल्या बटणाकडे वळली.

"नेगीला दाढी करायचा लई कंटाळा," भागवत मागून म्हणाला. "अर्धी करायचा अन् अर्धी उद्यावर ठेवायचा. साहेब शिव्या द्यायचे."

कौसल्याने बटणावरचा हात काढला. झुंबरबाईला थांबायची खूण करून ती त्याच्याजवळ, पोत्यावर बसली.