पेटीत न मावणारा लांबू

मित्रांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, की तुम्ही एका पोत्यात आहात. आत काळोख आहे. तुमची भावंडं तुमच्या अंगावर आडवीतिडवी पडली आहेत, कुणाचं टोक कुणाच्या बरगडीत घुसतंय, आणि पोत्याच्या तोंडाला घट्ट गाठ मारलेली आहे. बाहेर सामान हलवलं जातंय. जिन्यावरून पावलं चढताहेत, उतरताहेत. त्यातलं कुठलं तरी पाऊल तुमच्यापाशी थांबणार, पोतं उचलणार आणि तुम्हाला भंगाराच्या गाडीत ओतणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. भंगारानंतर भट्टी. भट्टीनंतर कुणी कुणाला ओळखत नाही.

घाबरलात ना? मीही घाबरलो होतो. मी एक जुना स्क्रू ड्रायव्हर आहे. लाकडी मुठीचा, चपट्या टोकाचा आणि नको तितका लांब.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. पोलादाची एक कांब लाल होईपर्यंत तापवली, टोकाशी ठोकून चपटी केली आणि तेलात बुडवली. चर्र असा आवाज झाला आणि माझ्या अंगात कायमचा कणखरपणा आला. मग मला लाकडी मूठ बसवली. माझी कांब त्या मुठीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जाते. म्हणजे मी डोक्यापासून पायापर्यंत एकच आहे. मला एकच काम येतं आणि एकच टोक आहे. दुसरं टोक लावून मला दुसरं कुणी होता येत नाही.

मला विकत घेतलं ते आजोबांनी. तेव्हा ते कुणाचेच आजोबा नव्हते. एका छापखान्यात यंत्रं दुरुस्त करणारे तरुण मेकॅनिक होते. तिथल्या मोठ्या यंत्राच्या पोटात, दोन रुळांच्या फटीतून आत, एक स्क्रू बसलेला होता. तिथवर हात जायचा नाही आणि आखूड हत्यार पोचायचं नाही. मी मात्र बगळ्याने चोच घालावी तसा आत जायचो आणि स्क्रू घेऊन बाहेर यायचो. "लांबूला आणा रे!" अशी हाक आली, की सगळा छापखाना काम थांबवून बघायचा. माझं नाव तिथे पडलं. मला त्या नावाचा फार अभिमान होता.

आजोबा शिकाऊ पोरांना सांगायचे, "टोक खाचेत पुरतं बसलं पाहिजे. सैल बसलं तर खाच जाते, आणि खाच गेलेला स्क्रू सासरी रुसून बसलेल्या जावयासारखा. ओढून निघत नाही आणि समजावून ऐकत नाही."

त्यांचा आणखी एक नियम होता. एखादं यंत्र सोडून दुसऱ्या यंत्रावर जायचं, तर आपण लावलेला प्रत्येक जादा भाग आपण काढून न्यायचा. आपलं ते आपल्याबरोबर. छापखान्यात हा नियम चांगलाच होता. पण नियमाला घर आणि छापखाना यातला फरक कळत नाही, मित्रांनो. तो माणसाने कळून घ्यायचा असतो.

पुढे छापखान्यात नवी यंत्रं आली आणि आजोबा घरी बसले. मीही बसलो. मग माझे दिवस फिरले. कुणी माझ्याने रंगाचा डबा उघडला, कुणी त्याच रंगात मला ढवळण्यासाठी बुडवलं. कुंडीतली माती मी उकरली. एका उन्हाळ्यात तर मी खिडकी उघडी राहावी म्हणून फटीत अडकून उभा होतो. ज्याने यंत्राच्या पोटातले स्क्रू काढले, त्याने वाऱ्याशी झोंबत उभं राहायचं! पण तक्रार करायला तोंड कुठे होतं? होतं ते टोक, आणि त्यालाही रंग लागलेला.

मग घर बदलायचं ठरलं. आजोबांच्या गुडघ्यांना जिना झेपेना. नवं घर तळमजल्यावर होतं, पण दोनच खोल्यांचं. आजोबांच्या हत्यारांना तिथे खोली नव्हती, कोनाडाही नव्हता. आजोबांची लेक, म्हणजे त्यांची नात मुंगी हिची आई, कमरेला ओढणी खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, एक पेटी. एकच. आणि झाकण लागलं पाहिजे. तुमचं 'अगं एवढंसंच आहे' मला ऐकायचं नाही."

आजोबा पेटीसमोर बसून राहिले. त्यांनी मला उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी त्यांनी नातीला हाक मारली. हिला सगळे मुंगी म्हणत, कारण हिला रिकाम्या हाताने चालताना कुणी पाहिलेलं नव्हतं.

"मुंगे, माझ्याने हे होणार नाही," आजोबा म्हणाले. "तू निवड. तू ठेवशील ते राहील."

मुंगीने आम्हाला ओळीत मांडलं. आमच्या ओळीशेजारी तिने नव्याला ठेवलं. नवा म्हणजे घरात नुकताच आलेला स्क्रू ड्रायव्हर: बुटकी जाड मूठ, पुढे लोहचुंबकाची मान, आणि मुठीच्या पोटात बारा सुटी टोकं. चपटी, फुलीची, चांदणीची. हवं ते टोक मानेत खोचायचं आणि कामाला लागायचं. रावणाला दहा तोंडं होती, याला बारा!

मुंगी विचारी मुलगी. घरातला एक फुलीचा स्क्रू तिने माझ्या भावाने फिरवून पाहिला, मग नव्याने. दोघांनीही काम केलं. "हा एकटा तुमच्या सगळ्यांचं करतो," ती आमच्याकडे बघून म्हणाली, "आणि मुठीत मावतो." मग तिने मला पेटीत ठेवून पाहिलं. उभं ठेवलं, आडवं ठेवलं, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं ठेवलं. झाकण लागेना. माझी लांबी आडवी आली.

तिने काय चुकीचं केलं? काहीच नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. आम्ही सगळे पोत्यात गेलो. आजोबांनी स्वतः गाठ मारली आणि पोतं स्वयंपाकघराच्या दाराबाहेर ठेवलं.

शेवटच्या दिवशी घर रिकामं झालं होतं. मुंगीचे बाबा भरलेला टेम्पो घेऊन नव्या घरी गेले होते आणि उरलेलं न्यायला परत येणार होते. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी तेवढी होती, तीही जमिनीवर, कारण टेबल गेलं होतं. शेगडीवर टिल्लूचं दूध तापत होतं. टिल्लू म्हणजे मुंगीचा धाकटा भाऊ. नुकताच चालायला लागलेला, आणि चालता येतं म्हणून सगळीकडे जाणारा.

एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. सकाळपासून आजोबा आपला नियम पाळत घरभर फिरत होते. दारांची पितळी हँडलं त्यांनीच हौसेने बसवलेली होती. एकेक करून त्यांनी ती काढली, पिशवीत भरली, आणि ती पिशवी टेम्पोतून पुढे गेली.

आई एक बादली जिन्यापाशी ठेवायला बाहेर आली. चार पावलांचं तर काम. तेवढ्यात रिकाम्या घरातून वाऱ्याचा झोत आला आणि स्वयंपाकघराचं दार धाडकन आपटलं. आत एकटा टिल्लू.

तुम्ही दाराची कड कधी नीट पाहिली आहे? तिच्यात कुलपाची एक तिरकी जीभ असते. दार आपटलं की जीभ चौकटीत जाऊन बसते, आणि हँडल फिरवलं की मागे येते. पण हँडलच नसेल तर? दारावर नुसतं एक भोक उरतं आणि त्या भोकाच्या आत, खोलवर, लोखंडातली एक चौकोनी, आरपार खाच.

आईने दार ढकललं. हललं नाही. तिचा चेहरा मला पोत्याच्या विणीतून अर्धवटच दिसत होता, पण आवाज ऐकू आला. "बाबा! हँडल कुठंय?"

"पिशवीत. टेम्पोतून गेलं," आजोबा म्हणाले.

मुंगीने भोकाला डोळा लावला. "आई, तो भांड्याकडे चाललाय."

"टिल्लू! बाळा, इकडे ये. दाराशी ये. आई कुठंय बघ! भो!" आई दारावर बोटांनी टकटक करू लागली. तिचा आवाज हसत होता आणि टकटक घाईची होती. आत टिल्लू खिदळला, आणि मग दाराच्या अगदी पलीकडे इवल्या तळव्यांची थापटी ऐकू आली. टिल्लू दाराला टेकला होता.

"लाथ घालून तोडतो," आजोबा म्हणाले.

"तोडू नका!" आई किंचाळली. "दार आत उघडतं. तो दारालाच चिकटलाय!"

असा पेच होता, मित्रांनो. दाराशी बोलावलं नाही तर पोरगं उकळत्या दुधाकडे जाणार, आणि बोलावलं तर दार तोडता येणार नाही.

आईने कंगव्याची दांडी भोकात घातली. ती मोडली. मुंगी पेटीकडे धावली. तिने नव्याला काढलं, सगळ्यांत रुंद चपटं टोक निवडलं, मानेत खोचलं आणि भोकात घातलं. टोक आत गेलं आणि नव्याची जाड मान भोकाच्या तोंडाशी अडली. खाच अजून खोल होती. मुंगीने जोर केला. मान मागे आली, टोक आलं नाही. ते आत निसटलं, खाचेतून पलीकडे गेलं आणि फरशीवर टिंग् असं वाजलं.

मुंगीने पुन्हा डोळा लावला. "आई... त्याने ते उचललं. तोंडात घालतोय."

आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच.

आई दाराला कपाळ टेकून गाणं म्हणायला लागली. एकही शब्द धड जागेवर नव्हता. आणि मुंगी थांबली. घाबरलेली असूनही ती क्षणभर थांबली, हे मी कधी विसरणार नाही. तिने भोकात करंगळी घालून खोली पाहिली आणि म्हणाली, "आजोबा, मान जाड नको. शेवटपर्यंत सारखी बारीक हवी. लांबू!"

पोतं उलटंपालटं झालं. आजोबांच्या हाताने मारलेली गाठ आजोबांच्या हाताने सुटेना. मुंगीने दातांनी गाठ सोडवली. आम्ही सगळे फरशीवर ओतलो गेलो. तिने माझी मूठ धरली.

मी भोकात शिरलो. अंधार, गंजाचा वास, आणि मग ती चौकोनी खाच. माझं टोक तिच्यात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बरोबर बसलं. पण कुलूप जुनं होतं. जीभ हलेना.

"एका हाताने नको," आजोबांनी मुंगीच्या हातांवर आपले हात ठेवले. "दोन्ही हातांनी धर. सरळ ठेव. झटका नको देऊ, दाब दे. दे दाब."

दूध उतू गेल्याची फसफस ऐकू आली. करपल्याचा वास आला. माझ्या अंगातून कळ गेली, टोकाचा एक कोपरा कट्‌ करून तुटला, आणि त्याच क्षणी जीभ मागे सरकली.

"हळू!" आई म्हणाली. तिने दार वीतभर उघडलं, फटीतून हात घालून टिल्लूला बाजूला सारलं आणि आत शिरली. आधी बोट त्याच्या तोंडात. टोक बाहेर आलं, ओलं आणि चकाकतं. मग शेगडी बंद. मग ती तिथेच, सांडलेल्या दुधाशेजारी, फतकल मारून बसली. टिल्लूला वाटलं खेळ संपला. तो भोकाड पसरून रडू लागला. त्या घरात रडणं इतकं गोड कधी वाटलं नसेल.

आजोबा दारात उभे होते. "पोरी, मी..." एवढंच ते म्हणाले.

"बाबा, आत्ता काही बोलू नका," आई म्हणाली. मग नाक पुसून म्हणाली, "नंतर भरपूर ऐकवणार आहे, तेव्हा बोला."

आजोबांनी मला उचलून माझं तुटकं टोक अंगठ्याने चाचपलं. "कानसीने घासलं की हा पुन्हा उभा राहील," ते मुंगीला म्हणाले. "नव्याचं टोक तुटलं तर दुसरं आणायचं. याचं तुटलं तर यालाच सावरायचं."

"पण झाकण लागत नाही," मुंगी म्हणाली.

"झाकण गेलं खड्ड्यात," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मित्रांनो, जुनं ते सोनं असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी भावंडं त्या दिवशी भंगारातच गेली, आणि त्यांचं काम नवा खरोखरच करतो. मला त्यांची आठवण येते, पण नव्याचा राग येत नाही. मी एवढीच विनंती करतो, की घर आवरताना एखादी वस्तू टाकायच्या आधी तिला घडीभर हातात धरा. ती किती जागा अडवते हे तर दिसतंच. तिच्याविना कुठलं काम अडेल, हेही स्वतःला विचारा. आणि आमच्या टोकांनी रंग ढवळू नका, एवढं ऐका.

टेम्पो परत आला. मुंगीच्या बाबांनी खालून हॉर्न दिला. आई टिल्लूला कडेवर घेऊन उतरू लागली. आजोबांनी पेटी उचलली. पण मुंगी सगळ्यांच्या आधी खाली धावली, टेम्पोत तशीच राहिलेली हँडलांची पिशवी काढली आणि धापा टाकत पुन्हा वर आली.

"अगं, ती आपली आहेत," आजोबा म्हणाले.

"दार आपलं नाही ना आता," मुंगी म्हणाली. "इथे येतील त्यांच्याकडेही कुणीतरी टिल्लू असेल."

आजोबांनी पेटी खाली ठेवली आणि झाकण उघडलं.

मुंगी दारासमोर मांडी घालून बसली. मला तिने काखेत धरलं होतं आणि नव्याला हातात. खालून हॉर्न वाजत होता. तिने दाराच्या दोन्ही बाजूंना हँडल बसवलं, स्क्रू आवळले, आणि मग ती आत गेली. तिने दार ओढून घेतलं. कुलपाची जीभ चौकटीत बसल्याचा आवाज झाला. आत ती आणि मी, बाहेर आजोबा.

मुंगीने हात वर केला, हँडल फिरवलं आणि आतून दार उघडलं.