सलोनीचे वाक्य

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी शिकंजा आहे. जयपूरच्या जगतपुरा भागात, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या रस्त्यावर, दशरथकाकांचे बाइंडिंगचे दुकान आहे. तिथे खिडकीखाली माझी जागा. शिवलेली पाने माझ्या दोन फळ्यांमध्ये ठेवून वरचे चाक आवळतात आणि डिंक वाळेपर्यंत मी ती घट्ट धरून ठेवतो. माझे काम एवढेच.

कुठल्याशा ओतशाळेत माझा जन्म झाला. दशरथकाका मूळचे भुसावळचे. रेल्वेतल्या बदलीने जयपूरला आले आणि इथलेच झाले. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला एका म्हाताऱ्या बाइंडरकडून आणले. “याची पकड बघा,” असे ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत, तेव्हा मला फार बरे वाटे.

माझ्या हातून किती तरी प्रबंध गेले. कायद्याचा एक सातशे पानांचा होता. कच्च्या कैद्यांना तारखांवर तारखा का मिळतात, याचा त्यात शोध होता. तो मला एका वेळी मावेना, दोन खंड करावे लागले. गौरांग नावाच्या मुलाचा गणितातला प्रबंध जेमतेम एकसष्ट पानांचा. पाने हरवली असे वाटून काकांनी त्याला दोनदा फोन केला. पाच वर्षांत एवढेच सिद्ध झाले, असे तो म्हणाला. स्वप्नाने पुरानंतरच्या मदतीवर लिहिले होते. लोकांना आणखी ब्लँकेटे नको होती, वाहून गेलेली कागदपत्रे हवी होती, असे तिने शेवटी स्वच्छ नोंदवले होते. काकांची मुलगी अश्लेषा पानांचे क्रमांक तपासताना हे सगळे वाचून बाबांना सांगे आणि मी ऐकत असे. मला वाटे, माणसे कुठे कुठे जाऊन काय काय विचारतात! कागदावर आले ते खरेच असणार, याबद्दल मला कधी शंकाही आली नाही.

पुढे कॉलेजे प्रबंध कॉम्प्युटरवरच मागू लागली. माझ्या चाकावर गंज चढला, माझ्या फळीवर लोक चहाचे कप ठेवू लागले. म्हणून परेशचा प्रबंध आला, तेव्हा मी हरखून गेलो.

परेश बँकेतल्या अधिकाऱ्याचा मुलगा, जयपूरलाच वाढलेला. तो शिक्षणशास्त्रात संशोधन करत होता. अश्लेषा जयपूरबाहेर, चौमूं गावाजवळच्या एका छोट्या शाळेत शिकवते. गेल्या वर्षी तिने मुख्याध्यापकांची परवानगी काढून त्याला मुलांची यादी दिली होती. मुलांशी बोलायला येतो, असे सांगून तो गेला, तो आलाच नाही. त्याला दुसरी शाळा मिळाली असेल, असे तिने धरले.

त्या शनिवारी दुपारी एक प्रत माझ्यात आवळलेली होती आणि दुसरी अश्लेषा तपासत होती. शेवटी मुलांच्या मुलाखती होत्या. तिच्याच शाळेतली मुले, एकेक नाव. वाचता वाचता ती थांबली. पानावर बोट ठेवून तिने ती ओळ पुन्हा वाचली. तिसरीतली सलोनी. तिच्या नावापुढे छापले होते, ‘मी वर्गात मोठ्याने कविता म्हणते, म्हणून मला शाळा आवडते.’

“बाबा,” ती म्हणाली, “सलोनी जन्मापासून बोलत नाही.”

काकांनी ब्रश खाली ठेवला. सलोनीला ऐकूही येत नव्हते. पुढच्या पानावर तर मुलाखतीच्या तारखेआधीच गाव सोडून गेलेल्या एका मुलाचेही उत्तर होते. मी हादरून गेलो. मी सारा जोर लावून धरून ठेवले होते, ते कुणी बोललेलेच नव्हते.

संध्याकाळी परेश आला. काका ओरडले नाहीत. त्यांनी माझे चाक उलटे फिरवले आणि ओल्या डिंकाची प्रत त्याच्यापुढे ठेवली. हे मी बांधणार नाही, एवढेच म्हणाले.

“मतलब काका, मुलं साधारण असंच सांगतात ना,” परेश पुटपुटला. “सोमवारी सबमिशन आहे.”

“यादी मी दिली होती, परेश. विश्वासानं,” अश्लेषा म्हणाली. “सलोनीच्या तोंडी हे कुणी घातलं?”

 दोन्ही प्रती उचलून तो निघून गेला.

प्रबंधात अश्लेषाचे आभार मानलेले होते. बोलली तर यादी दिली म्हणून तिच्याही नोकरीवर गदा येऊ शकत होती. काकांनी तिला हे समजावले. तिने रविवारभर विचार केला आणि सोमवारी सकाळी परेशच्या मार्गदर्शक रत्नप्रभाबाईंना फोन लावला. दुपारी त्या शहराच्या झालाना भागातून स्वतःच दुकानात आल्या. आपल्याकडची प्रत उघडून त्यांनी ते पान वाचले. मग त्या स्टुलावर बसल्या.

“हे वाक्य मी त्याच्या कच्च्या प्रतीतून शिक्षकांच्या तीन प्रशिक्षणांत वाचून दाखवलंय,” त्या म्हणाल्या. “टाळ्या पडल्या. ही मुलगी कोण, हे मी एकदाही विचारलं नाही.”

पहिल्या पानावर त्यांची सही होती. त्यांनी ती खोडली. परेशचा प्रबंध थांबला आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

त्याच आठवड्यात रत्नप्रभाबाई मूकबधिर मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंना घेऊन अश्लेषाच्या शाळेत गेल्या. खुणा करून, चित्रे दाखवून त्यांनी सलोनीला विचारले, शाळा आवडते का? सलोनीने मान हलवली. नाही. तिने शेवटच्या बाकाकडे हात केला आणि एकच बोट उभे धरले: तिथे ती एकटीच बसते.

हे अश्लेषाने दुकानात येऊन सांगितले.

“पहिलीपासून तीन वर्षं मीच तिला शिकवते, बाबा. मीही विचारलं नव्हतं.”

मित्रांनो, माझी पकड कितीही चांगली असली तरी मला खरे-खोटे कळत नाही. जे द्याल ते मी घट्ट धरतो. म्हणून कुणाबद्दल चार ओळी लिहायच्या झाल्या, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. तो सांगेल ते तुम्हाला हवे तसे नसेल. तरी तेच लिहा.