शिवाबुवांच्या सत्काराची सीडी

‘गंगारामाक गळो नव्हतो’ हे वाक्य मी तरुणपणापासून ऐकत आले. विहिरीवर ऐकलं, मासळीच्या लिलावात ऐकलं, माझ्या लेकीच्या लग्नातसुद्धा ऐकलं. गंगाराम म्हणजे माझे यजमान. असं बोलणाऱ्यांनी त्यांना रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना ऐकलं नव्हतं असं नाही. दर्या खवळलेला असतानाही त्यांच्या एका हाकेवर किनाऱ्याच्या दोन्ही टोकांची माणसं एकदम दोर खेचायची. पण गावाला रापण आठवत नाही, डबलबारी आठवते.

डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. एकाने गजरातून टोमणा मारायचा, दुसऱ्याने आपली बारी आली की तो व्याजासकट परत करायचा. १९७९च्या जत्रेत ह्यांच्यासमोर शिवाबुवा होते आणि माईकवाला होता शिवाबुवांचा मेहुणा. शिवाबुवा गायले तेव्हा भोंगे कडाडत होते. ह्यांची बारी आली आणि भोंगे कुजबुजायला लागले. मेहुण्याचा हात मशीनच्या बटणावर फिरला तो मी बायकांत बसून या डोळ्यांनी पाहिला. हे जीव तोडून गायले. शेवटच्या गजरात शिवाबुवा उठले, ह्यांच्याच माईकवर वाकले आणि म्हणाले, “बस कर रे गंगाराम, आयकाक येणा नाय!”

मेहुण्याचा हात बटणावर पुन्हा फिरला आणि तेवढं वाक्य मात्र डोंगरावर आपटून परत आलं. सगळी जत्रा हसली.

त्या रात्री जीव तोडून गायल्याने ह्यांचा गळा बसला तो कायमचा. पेटी पुन्हा उघडली नाही, आणि शेवटी हे गेले तेही गळा नसलेला बुवा म्हणूनच. गावातल्या पेद्रूने त्या रात्री आपला टेपरेकॉर्डर मशीनला जोडला होता. त्याला भजनाचं वेड. ह्यांच्या बाराव्याला येऊन त्याने ती कॅसेट माझ्या हातात ठेवली.

२००७ साली शिवाबुवांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार ठरला. त्यांच्या गाजलेल्या बाऱ्यांची सीडी काढायचं काम जामसंड्याला कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या संजनाकडे गेलं. गावोगावच्या कॅसेटी जमल्या, पण सगळ्यांत गाजलेली बारी माझ्या ट्रंकेत होती. तेव्हा शिवाबुवा स्वतः माझ्या दारापुढच्या खळ्यात आले.

“वयनी, आता जुना धरून बसू नकात. गंगारामाचा नाव पण ऱ्हवात सीडीर.”

“देतंय,” मी म्हटलं. “पण सगळ्यांचो आवाज सारको करूचो. एक मोठो, एक बारीक, असा चलाचा नाय.”

बुवा पोट धरून हसले. “करा सारको! आवाज वाढवन कोणाक गळो गावता?”

“मगे झाला तर.”

त्यांनी संजनाला निरोप धाडला, वयनी सांगतत तसा कर.

मी कॅसेट घेऊन दुकानात जाऊन बसले. संजना म्हणाली, “काकी, ह्यो कॅसेटी वेगवेगळ्या लोकांनी भरलेल्यो. एक गाणा कान फोडता, दुसऱ्याक कान लावचो लागता. कॉम्प्युटर सगळी गाणी मोजता आणि एका मापार आणून ठेवता.”

शिवाबुवांचे अभंग खाली आले. कडकडाट गेला आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दम कसा तुटतो ते ऐकू यायला लागलं. मग ह्यांची गवळण वर आली. मी खुर्चीचा हात धरून ठेवला. इतक्या वर्षांनी माझा नवरा माझ्या शेजारी बसून गात होता.

शेवटचा गजर मात्र वर येईना.

“एका जाग्यार भारी मोठो आवाज आसा,” संजना म्हणाली. “बाकीचा वाढवलंय तर थंय फाटतला, म्हणान अडता.” तिने पडद्यावर आवाजाच्या उभ्या रेघा दाखवल्या. सगळा गजर भाताच्या तरव्यासारखा बुटका, आणि मधोमध एक माड उभा. तिने तो माड वाजवून दाखवला. बस कर रे गंगाराम.

तिला हसू आलं, मग माझ्याकडे बघून तिने ते गिळलं. “कापून टाकू काय, काकी? मगे गजर चढात.”

कापलं असतं तर ह्यांचा गजर स्वच्छ मिळाला असता. तेवढ्यासाठीच तर मी आले होते. पण त्या वाक्याने माझं आयुष्य खाल्लं होतं. त्याला इतक्या सुखाने मरू द्यायचं माझ्या जिवावर आलं.

“कापू नको. सगळ्यांका लावलंस तोच नियम त्येका लाव. ता वाक्य गजराच्या मापाक आण, मगे सगळो गजर चढव.”

तिने तसं केलं, वाजवलं, आणि तोंडावर हात ठेवला. “काकी, ह्या सत्कारात लागतला!”

“लागांदे. बुवांनीच सांगल्यानी, वयनी सांगतत तसा कर.”

सत्काराच्या संध्याकाळी मंडप भरला. शाल पांघरून झाली होती, नारळ द्यायचा होता. शिवाबुवांनी स्वतः माईक घेतला. “आता आयका, गंगारामाक कसो गप केलंय तो!”

भोंग्यांतून ह्यांचा आवाज सुटला. मागे उभे असलेले रापणीचे म्हातारे एकदम सरसावून पुढे आले. त्यांनी तो ओळखला. आवाज चढत गेला, वरच्या सुरावर जाऊन थांबला, आणि तिथेच खालून, मडक्यात बसून बोलावं तसा, एक चिमुकला आवाज आला, “बस कर रे गंगाराम, आयकाक येणा नाय!” त्याच्या डोक्यावरून गजर तसाच पुढे निघून गेला.

मग मागून कोणीतरी ओरडलं, “बुवांनू, तुमका तेवापासूनच कमी आयकाक येता काय?”

मंडप फुटला. बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. पहिल्या रांगेतला मेहुणा आपल्या चपलांकडे बघत बसला. शिवाबुवा अर्धे उठले तर अध्यक्षांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. “बसा बुवा, नारळ रवलो हा.”

गजर संपला. “परत! परत!” लोक ओरडायला लागले. संजनाने मशीनजवळून माझ्याकडे बघितलं. शिवाबुवांनीही बघितलं. शालीच्या आत त्यांचे हात जोडलेले होते. ओठांवरचं ‘पुरे, वयनी’ मला लांबूनही स्पष्ट दिसलं.

मी संजनाला म्हटलं, “लाव गो परत.”