आढीतला दुसरा हात

माझ्या लेकीनं, तनुजानं परदेशी जाऊ नये म्हणून मी जो मुद्दा काढला होता, तो मला बिनतोड वाटत होता. ती ज्या दुर्बिणीतून तारे अभ्यासते ती आभाळात, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर. त्या दुर्बिणीला कुणी डोळा लावून बसत नाही. ती टिपते, खाली पाठवते आणि ते कॉम्प्युटरवर दिसतं. मग दुर्बिणीला नेदरलँड काय आणि अर्धापूर काय, सारखंच लांब. आमच्या घरी वायफाय आहे. बस की इथंच.

पोरगी नुसती हसली. पुण्यात पीएच.डी. झालेली, तिकडच्या संस्थेनं दोन वर्षांसाठी बोलावलेली, आणि शनिवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. माझ्या मनाविरुद्ध ती जाणार नाही हे मला ठाऊक होतं आणि त्याचाच मी फायदा घेत होतो. सरळ सांगतो, मला ती जायला नको होती. एकुलती एक लेक आहे.

शुक्रवारी दुपारी ती माझ्याबरोबर शेतातल्या शेडवर आली. आमची केळी हिरवीच ट्रकनं जातात. सोयऱ्यांपुरते चार-पाच घड तेवढे मी गवतात आढी घालून पिकवतो. आढी सारखी उकलून बघायची नसते, पिकणं बिघडतं. गवतात हात खुपसायचा आणि ऊब जोखायची, कारण केळी पिकायला लागली की आतून गरम होतात. मी हात घातला, झाली आढी असं मनाशी ठरवलं आणि भीमाला हाक मारली.

भीमाचं शेत आमच्या बांधाला लागून. तीस वर्षं आम्ही एकमेकांच्या आढीत हात घालत आलोय. पहिल्यानं आपला अंदाज सांगायचा नाही, दुसऱ्याचा ऐकायचा. दोघांचं जुळलं तरच उघडायची. भीमानं हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला आणि आणखी दोन दिवस लागतील म्हणाला. वर मला विचारलं, हौदात हात धुऊन आलास का? गार हाताला सगळंच गरम लागतं. मी धुऊनच आलो होतो. गुमान गवत सारखं केलं.

तनुजा हे सगळं बघत होती. गवताच्या पेंढीवर बसून तिनं त्या दिवशी पहिल्यांदा मला तिचं काम नीट समजावलं. नवे तारे म्हणे धुळीच्या ढगात जन्मतात. साध्या डोळ्याला नुसती धूळच दिसते. ही दुर्बीण मात्र धुळीतून बाहेर येणारी ऊब टिपते, म्हणून आतला तारा कळतो. म्हणजे आढीत हात घातल्यासारखंच, मी म्हणालो. हो, म्हणाली ती. पण तिथं आढी उघडून बघता येत नाही, नुसत्या उबेवरूनच सांगावं लागतं. पुण्यात तिनं एका ठिपक्याला तीन महिने नवा तारा मानलं होतं. तो निघाला मागची दुसरीच कुठली तरी आकाशगंगा. ती चूक पकडली नेदरलँडच्या एका बाईनं.

मग ती खाली बघत म्हणाली, "अण्णा, इथं मी काय बी सांगितलं तरी सगळे वाहवाच करतेत. माझं चुकलं तर सांगणारं इथं कोन हाय?"

मी भीमाकडे बघितलं. तो बिचारा केळीच्या पानाची शीर सोलत बसला होता. गावच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकणारा मी, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तिचं कौतुक सांगणारा मी. पण त्या ठिपक्याबद्दल ती महिनाभर माझ्याशी फोनवर बोलत होती, तेव्हा मी काय केलं? शाब्बास म्हणालो. मला फार वाईट वाटलं. ती जाणार म्हणून नव्हे. इतकी माया करूनही तिच्या कामाला मी उपयोगाचा नव्हतो, आणि तिला इथंच ठेवून घेतलं असतं तर तिचं चुकतंय हे तिला कधी कळलंच नसतं.

"कळवून टाक त्यान्ला, येते म्हनून," मी म्हणालो.

तिनं माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. भीमा उठून हौदाकडे गेला. मला अजून एक सांगायचं होतं.

"तिथं कोनी चूक काढली तर गप ऐकून घे. पण लईच मनाला लागलं तर मला फोन लाव. मला त्यातलं काही कळत न्हाई. मी तुझंच बरोबर म्हनीन."