पिठाच्या पिंपातला मुलगा

सुट्टी लागली की पोरं मोबाइलला चिकटतात, ही घरोघरची रड. डिंडोलीतल्या आपल्या इमारतीपुरता निवृत्त शिक्षिका उषाबाईंनी त्यावर उपाय काढला. शाळेत त्या दर शनिवारी पडद्यावर जुनी परदेशी कार्टून दाखवायच्या. तीच त्यांच्या मुलानं, आदित्यनं टीव्हीवर लावून दिली. रविवारी सकाळी दहा-बारा पोरं हॉलमध्ये जमली.

बाईंचं लाडकं कार्टून सगळ्यात आधी. कोळशासारखा काळा, बशीएवढ्या ओठांचा नोकर पोरगा. जो तो त्याला लाथाडतो. शेवटी तो पिठाच्या पिंपात पडतो, पांढराफेक होऊन बाहेर येतो आणि सगळे त्याला डोक्यावर घेऊन नाचतात.

"अरे, आ तो आपणी चंचल छे!" कोपऱ्यातल्या सावळ्या पोरीकडे बोट दाखवत एकजण गुजरातीत ओरडला. पोरं खदखदली. बाईही हसल्या. त्यांच्या वर्गात नेमकं इथंच हसू फुटायचं.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरची रंजना सात वर्षांच्या नातीला, चंचलला घेऊन दारात उभी राहिली. रंजना घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. एके काळची बाईंचीच विद्यार्थिनी. चंचलच्या तोंडाला, मानेला, कानांच्या पाळ्यांनाही गव्हाचं पीठ थापलेलं. रडून त्याचा चिखल झालेला.

"अगं, गंमत होती ती," बाई म्हणाल्या. "किती जुनं कार्टून आहे."

"मला माहीत आहे ना, बाई. मी पाचवीत होती. तुम्ही वर्गाला विचारलं, असा आपल्यात कोण? सगळे बोलले, रंजना. मी बी घरी जाऊन पीठ लावलं होतं. मायनं मारलं, पीठ वाया घालवलं म्हणून."

बाईंना प्रोजेक्टरची खरखर आठवत होती, खिडक्यांना लावलेले काळे पडदे आठवत होते. रंजनाचा तेव्हाचा चेहरा काही केल्या आठवेना.

"दिवसच तसे होते गं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं."

"त्या कार्टूनांमध्ये काळा माणूस एकदा तरी शहाणा होता का? नोकर, चोर, नाहीतर भित्रा. काढणाऱ्यांनी मला पाहिलं बी नव्हतं, बाई. दाखवलं तुम्ही."

पदराचं टोक ओलं करून बाईंनी चंचलच्या गालाकडे हात नेला. पोर मागे सरली.

"पुसू नका. अजून पांढरी नाही झाली मी."

पुढच्या रविवारी बाईंनी टीव्ही लावला नाही. त्या कार्टूनात काय चुकलं आणि आपलं काय चुकलं, हे त्यांनी पोरांना न लपवता सांगितलं.

"चंचल येईल आता?" एकानं विचारलं.

बाई आठवडाभरात तीनदा खाली जाऊन आल्या होत्या. तिन्ही वेळा चंचल पलंगाखाली जाऊन बसली होती.

वाचकहो, जुन्या गोष्टींवर आपला जीव असतो, म्हणून आपण त्या नातवंडांपुढे ठेवतो. ठेवण्याआधी एकदा त्या खोलीतल्या सगळ्यात सावळ्या मुलाच्या जागी बसून पाहा. हसू कुणाच्या अंगावर पडतंय ते तिथून दिसतं. उषाबाईंना ते दिसलं, पण दोन पिढ्या उशिरा.